न संपणारे दुकान आणि वाट चुकलेले गिऱ्हाईक

आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या दुकानाला आता दोन दारे झाली आहेत. एक दार रस्त्यावर उघडते, दुसरे मोबाइलच्या काचेत. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि इंटरनेट स्वस्त झाले. २०१८ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपने धंदा करणाऱ्यांसाठी वेगळे ॲप काढले आणि २०१९ च्या नोव्हेंबरात त्यात मालाची सचित्र यादी, म्हणजे कॅटलॉग, ठेवण्याची सोय दिली. कोणी स्वतःची वेबसाइट काढली, कोणी मोठ्या कंपन्यांच्या बाजारात माल लावला. हे सगळे चांगलेच झाले. पण रस्त्यावरच्या दुकानात कोणता माल दर्शनी ठेवायचा, गल्ला कुठे, आरसा कुठे, उजेड किती याचा बारीक विचार करणारा आपला दुकानदार काचेतल्या दुकानाच्या बाबतीत मात्र "छान दिसते, चालू द्या" एवढे बोलून मोकळा होतो. मांडणी करणाऱ्या पोराला पाच-पंचवीस हजार रुपये दिले की आपले काम संपले, असा समज आहे.

या मांडणीतल्या एकाच गोष्टीबद्दल आज लिहायचे आहे. ती म्हणजे पडदा वर-खाली सरकवणे, ज्याला संगणकवाले स्क्रोल म्हणतात. गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण गिऱ्हाईक आपल्या मालापर्यंत पोहोचते की नाही, पोहोचले तर पुन्हा सापडते की नाही, आणि आपला पत्ता-फोन त्याला मिळतो की नाही, हे तिन्ही प्रश्न या सरकवण्यावर अवलंबून आहेत. म्हणजे विक्रीचाच प्रश्न आहे.

स्क्रोल या शब्दाचा मूळ अर्थ गुंडाळी. जुन्या काळी दस्तऐवज लांब कागदावर लिहून गुंडाळून ठेवत आणि वाचताना एकीकडून उलगडत, दुसरीकडून गुंडाळत. पुस्तकाची पाने आली तशी गुंडाळी मागे पडली. कारण सरळ होते. गुंडाळीत मधला मजकूर शोधायचा तर सगळी उलगडावी लागते, पुस्तकात पानाचा आकडा लक्षात ठेवला की झाले. संगणकाने ही गुंडाळी पुन्हा आणली. १९९६ साली मायक्रोसॉफ्टने चाक असलेला माउस बाजारात आणला आणि सरकवणे बोटाच्या एका टोकावर आले. २००७ साली आयफोन आला तेव्हापासून चाकाचीही गरज उरली नाही, काचेवर बोट फिरवले की पान धावते आणि आपोआप हळू होत थांबते.

याबद्दलची जाणकारांची मतेही काळाबरोबर बदलत गेली. वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचा अभ्यास करणारे डेन्मार्कचे जेकब नील्सन यांनी १९९६ साली लिहिले होते की पान उघडल्यावर जे समोर दिसते त्याच्या खाली सरकवून पाहणारे लोक फक्त दहा टक्के आहेत. तेव्हा लोकांना सवयच नव्हती. पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, त्यांनी आपले म्हणणे सुधारले की आता लोक सरकवू लागले आहेत, लांब पान हा काही मोठा गुन्हा राहिला नाही. त्यांच्याच संस्थेने २०१० साली माणसांची नजर कुठे किती वेळ राहते हे यंत्राने मोजले. पाहण्याच्या एकूण वेळापैकी सुमारे ऐंशी टक्के वेळ पहिल्या, न सरकवता दिसणाऱ्या भागावर जात होता. २०१८ साली पुन्हा मोजले तेव्हा हे प्रमाण सत्तावन्न टक्क्यांवर आले होते. मात्र पहिले दोन पडदे मिळून चौऱ्याहत्तर टक्के वेळ जातच होता.

या आकड्यांचा अर्थ व्यापाऱ्याच्या भाषेत लावायला हवा. लोक सरकवत नाहीत ही समजूत आता जुनी झाली. लोक सरकवतात, खूप सरकवतात. पण जसजसे खाली जातात तसतशी नजर उडत जाते. बाजाराच्या तोंडाशी असलेल्या दुकानापुढे माणूस थांबतो, गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत त्याचे पाय चालत असतात आणि डोळे थकलेले असतात. टोकाचे दुकान त्याने "पाहिले" असे म्हणायला हरकत नाही, पण त्या पाहण्यातून सौदा होत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. २००६ च्या सुमारास अझा रास्किन नावाच्या अमेरिकन तरुणाने एक युक्ती काढली. पान संपत आले की पुढचा मजकूर आपोआप येऊन खाली जोडला जावा, म्हणजे "पुढचे पान" हे बटण दाबण्याचा त्रास नको. पानाला शेवटच राहिला नाही. ही युक्ती फेसबुक, ट्विटर, इन्स्टाग्राम अशा सगळ्यांनी उचलली आणि आज ती आपल्या हाताच्या इतकी सवयीची झाली आहे की रिकाम्या वेळी अंगठा आपोआप वर-खाली होतो. पुढे खुद्द रास्किन यांनी या शोधाबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला, लोकांचा वेळ यात वाहून जातो म्हणून. ते वेगळे. आपला प्रश्न असा की ही न संपणारी यादी दुकानदाराच्या उपयोगाची आहे का?

वेबसाइट बनवणारी मंडळी सांगतात की आहे. "चाचा, सगळे मोठे लोक हेच करतात" हे त्यांचे ठरलेले वाक्य. पण ज्या मोठ्या लोकांनी हे करून पाहिले त्यातल्या एकाची हकिकत आपल्या कारागिरांनी नीट ऐकावी अशी आहे.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात २००५ साली एट्सी नावाचा इंटरनेटवरचा बाजार सुरू झाला. हा बाजार खास हातकामाचा. दागिने, विणकाम, चामड्याच्या वस्तू, लाकूडकाम, जुन्या दुर्मीळ वस्तू. विकणारे बहुतेक एकेकटे कारागीर. म्हणजे आपल्याच बिरादरीचे लोक म्हणायचे. या कंपनीने आपल्या शोध-यादीला न संपणारे रूप द्यायचे ठरवले. तर्क बिनतोड वाटत होता. गिऱ्हाइकाला जास्त वस्तू दिसतील, लवकर दिसतील, तर ते जास्त खरेदी करेल. त्यासाठी बरीच मेहनत घेऊन काम पुरे केले आणि मग काही लोकांना जुनी पानापानांची यादी, काही लोकांना नवी न संपणारी यादी दाखवून दोन्हींचा हिशेब मांडला.

हिशेब उलटा निघाला. त्यांचे अभियंते डॅन मॅककिन्ली यांनी २०१२ साली एका भाषणात हे मोकळेपणाने सांगितले. नवी यादी ज्यांना मिळाली त्यांनी वस्तू कमी पाहिल्या, कमी वस्तूंवर बोट ठेवले, आवडीच्या म्हणून कमी वस्तू बाजूला काढल्या आणि त्या यादीतून खरेदीही कमी केली. एकूण बाजारातली खरेदी घटली नाही. लोकांनी त्या यादीचा नाद सोडला आणि दुसऱ्या वाटांनी वस्तू शोधल्या. कंपनीने आधी वाटले की प्रोग्राममध्ये काही चूक राहिली असेल, म्हणून कसून तपास केला. मग तर्काचे दोन्ही पाय वेगवेगळे तपासले. एका पानावर जास्त वस्तू दाखवल्या तर खरेदी वाढते का? वाढली नाही. यादी थोडी उशिरा आली तर खरेदी घटते का? तीही घटली नाही. म्हणजे ज्या दोन गृहीतांवर एवढी इमारत बांधली ती दोन्ही पोकळ होती. शेवटी ती इमारत उतरवली.

यातला प्रामाणिकपणा मला विशेष वाटतो. खर्च झालेल्या पैशाच्या मोहाने वाईट माल तसाच दुकानात ठेवणारे व्यापारी आपण पुष्कळ पाहतो.

दुसरे उदाहरण याहून मोठे. गूगलने २०२१ च्या ऑक्टोबरात मोबाइलवर आणि २०२२ च्या डिसेंबरात संगणकावर आपल्या शोध-यादीला असेच सलग सरकणारे रूप दिले, सुरुवात अमेरिकेतून केली. २०२४ च्या जूनमध्ये त्यांनी ते संगणकावरून काढून घेतले आणि मोबाइलवरूनही काढत असल्याचे सांगितले. लोकांनी न मागितलेले निकाल आपोआप आणून ओतण्यात फारसे हशील नाही, असा त्यांच्या सांगण्याचा मतलब होता. "सगळे मोठे लोक हेच करतात" या वाक्याला एवढे उत्तर पुरे.

असे का होत असावे? एट्सीने कारण छातीठोकपणे सांगितले नाही. माझे मत मी सांगतो. ज्याने कपड्याच्या पेढीवर गादीवर बसून धंदा केला आहे त्याला हे कळायला कठीण जाऊ नये. मुरलेला विक्रेता गिऱ्हाइकापुढे चार ठाण टाकतो आणि थांबतो. गिऱ्हाईक कशाला हात लावते, कोणता पदर उलटून पाहते, बायकोकडे कशाच्या वेळी बघते, हे पाहतो. मग त्या अंदाजाने पाचवे ठाण काढतो. नवशिका पोरगा मात्र ठाणावर ठाण उलगडत जातो. गादीवर डोंगर होतो, गिऱ्हाइकाला वाटते की अजून चांगले मागे असेल, आणि तासाभराने "पुन्हा येतो" म्हणून ते उठते. ते पुन्हा येत नसते. थांबणे ही विक्रीतली कला आहे. न संपणारी यादी म्हणजे तो नवशिका पोरगा, ज्याला थांबताच येत नाही.

खरेदी-विक्रीच्या वेबसाइटांचा वर्षानुवर्षे अभ्यास करणाऱ्या बेमार्ड या डेन्मार्कमधल्या संस्थेने २०१६ साली आपली निरीक्षणे मांडली, ती याला पूरक आहेत. न संपणाऱ्या यादीत लोक खूप पुढेपर्यंत सरकत जातात, पण एकेका वस्तूवर त्यांची नजर कमी ठरते. पानांच्या यादीत लोक थोडेच पाहतात, पण पहिले पान मन लावून पाहतात. त्यांनी सुचवलेला मध्यम मार्ग असा की आधी थोड्या वस्तू दाखवाव्यात, सरकवताना आणखी काही येऊ द्याव्यात, आणि पन्नास ते शंभरच्या दरम्यान यादी थांबवून "आणखी दाखवा" असे बटण ठेवावे. मोबाइलवर हा थांबा याहून बराच आधी, पंधरा ते तीस वस्तूंवर. बटण आले की माणूस क्षणभर थांबतो, मागे पाहतो, ठरवतो. पेढीवरचा तो चार ठाणांनंतरचा विराम इथे मिळतो.

मग फेसबुक आणि इन्स्टाग्रामला ही युक्ती का फळली, असे कोणी विचारील. कारण त्यांचा धंदा वेगळा आहे. माणूस तिथे जितका वेळ रेंगाळेल तितक्या जाहिराती त्याच्यापुढून जातात, आणि त्याच जाहिरातींचे पैसे कंपनीला मिळतात. तिथे येणारा काही ठराविक वस्तू शोधायला आलेला नसतो. आपल्याकडे येणारा आलेला असतो. अत्तराच्या व्यापाऱ्याकडे माणूस खस किंवा मजमुआ शोधत येतो, सुताच्या व्यापाऱ्याकडे नंबर आणि रंग घेऊन येतो. त्याला रेंगाळवण्यात आपला नफा नाही. त्याचे काम लवकर होण्यात आहे. त्याच्या वेळेची बरबादी करून आपल्या गल्ल्यात एक पैसा येत नाही.

न संपणाऱ्या यादीचा सगळ्यात मोठा त्रास कोणता, तर जागा हरवण्याचा. गिऱ्हाईक सरकवत सरकवत साठाव्या वस्तूपर्यंत आले. ती वस्तू उघडून पाहिली. नको वाटली म्हणून मागे फिरले. आणि यादी पुन्हा पहिल्या वस्तूवर! आता साठ वस्तू पुन्हा कोण सरकवणार? किरकोळ गिऱ्हाईक एकदा करील, घाऊक खरेदीदार, ज्याला वीस वस्तू तपासून ऑर्डर द्यायची आहे, तो दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जाईल आणि गेल्याचे आपल्याला कळणारही नाही. रस्त्यावरच्या दुकानातून माणूस रागावून गेला तर निदान दिसतो. चांगला कारागीर असेल तर मागे फिरल्यावर तीच जागा दाखवणारी मांडणी तो करून देऊ शकतो. पण ते मागून घ्यावे लागते, आणि मागायला मुळात आपल्याला ठाऊक हवे. पानांची यादी असेल तर "तिसऱ्या पानावर तो निळा होता" एवढे माणसाच्या ध्यानात राहते, फोनवर दुसऱ्याला सांगताही येते.

दुसरा त्रास तळाचा. बहुतेक वेबसाइटांवर दुकानाचा पत्ता, फोन, माल परत घेण्याचे नियम हे सगळे पानाच्या तळाशी असते. आता यादीला तळच नसेल तर? गिऱ्हाईक तळाकडे जाते, पत्ता क्षणभर दिसतो, तेवढ्यात नवा माल येऊन पडतो आणि पत्ता खाली ढकलला जातो. पुन्हा सरकवा, पुन्हा ढकलला जातो. हा प्रकार हसण्यासारखा असला तरी त्याला कायद्याची बाजू आहे. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्सविषयीचे नियम २०२० साली आले. त्यानुसार अशा व्यवसायाने आपले कायदेशीर नाव, मुख्य कचेरीचा पत्ता, संपर्काचे फोन आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती स्पष्ट आणि सहज सापडेल अशा ठळक जागी द्यायची आहे. जी माहिती बोटाच्या पुढे पळत राहते तिला सहज सापडणारी कसे म्हणायचे? आणि कायदा बाजूला ठेवला तरी, अनोळखी दुकानाला पैसे पाठवण्यापूर्वी माणूस पत्ताच शोधतो. आपल्या लोकांच्या दुकानांची साख मोहल्ल्यात आणि बाजारात पिढ्यानपिढ्यांची आहे, पण नागपूरच्या किंवा बेळगावच्या गिऱ्हाइकाला ती काचेतून दिसत नाही. त्याला दिसतो तो पत्ता. फोन आणि पत्ता पानाच्या डोक्याशी लावा, मग खाली काय व्हायचे ते होवो.

इथे गैरसमज नको म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. लांब पान वाईट, असे माझे म्हणणे नाही. एकाच वस्तूचे पान लांब असले तर ते उलट चांगले. मिरजेच्या तंबोऱ्याचे उदाहरण घ्या. तिथल्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ही वाद्ये घडवणारे हात बहुतांशी आपल्या शिकलगार मंडळींचे आहेत. तंबोरा ही काही चप्पल नाही की चित्र पाहिले आणि मागवली. घेणाऱ्याला पुष्कळ विचारायचे असते. पुरुषी आवाजाचा की बायकी, भोपळा केवढा, लाकूड कोणते, तबली किती मुरलेली, जवारी कोणी लावली, प्रवासात फुटू नये म्हणून पेटी कशी देता, फुटला तर काय. हे सगळे एका पानावर क्रमाने वरून खाली येऊ द्या. भोपळा पंढरपूर भागातून येतो, तो वाळवतात कसा, हेही लिहा. ज्याला खरोखर घ्यायचा आहे तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. हिमरू शालीचेही तसेच. जिथे मन एका वस्तूवर बसले आहे तिथे सरकवणे त्रासाचे होत नाही. त्रास होतो तो निवड करताना. फक्त किंमत आणि वाहतुकीचा खर्च तळाशी दडवू नका. शेवटच्या पायरीवर खर्च उघड करून किंमत वाढवत नेणे ही फसवी मांडणी असल्याचे सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरातल्या मार्गदर्शक सूचनांत नोंदवले आहे, आणि सूचना नसत्या तरी भाव आधी बोलायचा हा बाजाराचा रिवाज आहेच.

लांब पानाच्या बाबतीत एक फसगत मात्र वारंवार दिसते. मांडणी करणारा पहिल्या पडद्यावर एवढे मोठे चित्र लावतो की ते काचेच्या कडेला बरोबर संपते. खाली काही आहे याचा मागमूस नसतो. संगणकाच्या बाजूला पूर्वी सरकपट्टी कायम दिसायची, त्यावरून पान केवढे आहे हे कळायचे. २०११ पासून ॲपलने ती एरवी लपवली आणि मोबाइलवर तर ती बोट लावल्यावरच क्षणभर दिसते. त्यामुळे पान संपले असे समजून माणूस परत जातो. उपाय बिनखर्चाचा आहे. पहिल्या पडद्याच्या तळाशी पुढच्या चित्राचा वरचा काठ अर्धवट दिसू द्यावा. दुकानाच्या पडद्याआडून मालाची कड दिसली की माणूस आपणहून डोकावतो.

आडव्या सरकवण्याबद्दल थोडक्यात. वेबसाइटच्या डोक्यावर आपोआप बदलणाऱ्या चित्रांची पट्टी लावण्याची आपल्याकडे फार हौस. मालकाला ती आवडते, कारण पाचही भावांची दुकाने त्यात बसतात. अमेरिकेतल्या नोत्रदाम विद्यापीठाने आपल्या अशा पट्टीचा हिशेब २०१३ साली प्रसिद्ध केला. आलेल्या लोकांपैकी सुमारे एक टक्का लोकांनीच त्यावर बोट ठेवले, आणि त्यातल्या बहुतेकांनी पहिल्याच चित्रावर. बाकीची चित्रे केवळ फिरत राहिली. त्यापेक्षा एकच चित्र लावा, स्थिर ठेवा आणि बाकीच्या भावांची समजूत घरी काढा.

मात्र घाऊक भावाचे तक्ते हा खरा प्रश्न आहे. कागदावर आठ रकाने सहज मावतात, मोबाइलवर तीनसुद्धा दाटीवाटीने. माणूस भाव पाहायला उजवीकडे सरकवतो तर मालाचे नाव डावीकडे निघून जाते, मग कोणत्या मालाचा हा भाव? काही जण कागदी दरपत्रकाचा फोटो काढून तोच लावतात, तो तर चिमटीने मोठा करून चारी दिशांना ओढावा लागतो. मजकूर वाचायला माणसाला दोन्ही दिशांना सरकवावे लागू नये, असा संकेत वेबच्या जागतिक संस्थेने २०१८ साली घालून दिला. मोठ्या तक्त्यांना त्यात सूट आहे हे खरे, पण व्यापाऱ्याने ती सूट घेऊ नये. प्रत्येक मालाची आपली एक चौकट करावी, त्यात नाव, माप, भाव, किमान नग असे एकाखाली एक लिहावे. पान लांब होईल, होऊ द्या. अंगठ्याला वर-खाली सोपे पडते. स्टीव्हन हूबर यांनी २०१३ साली रस्त्यावर, बसमध्ये, हॉटेलात १,३३३ लोक फोन कसा धरतात हे नुसते पाहून टिपले होते. त्यातले जे पडद्यावर बोट चालवत होते त्यांपैकी जवळजवळ निम्मे एकाच हाताने फोन चालवत होते. आपल्या गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या हातात बहुधा पिशवी नाहीतर मूल असते.

व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगमध्ये पाचशे वस्तू ठेवता येतात आणि एका वस्तूची दहा चित्रे. ठेवता येतात म्हणून पाचशे भरणारे पुष्कळ आहेत. तिथेही नजर उडण्याचा तोच नियम लागू होतो. मालाचे गट पाडण्याची सोय त्यात आहे, ती वापरावी. मुलींचे, बायकांचे, लग्नाचे, रोजचे असे गट पाडले तर गिऱ्हाइकाला पाचशेतून न जाता चाळीसमधून जावे लागते. ज्या वस्तू महिनोन्‌महिने हलल्या नाहीत त्या काढून टाकाव्यात. आणि फोनने काढलेले चार-पाच एमबीचे फोटो जसेच्या तसे वेबसाइटवर टाकू नयेत. नेटवर्क अशक्त असेल तिथे माणूस सरकवतो पुढे आणि चित्रे येतात मागून, त्याला नुसत्या करड्या चौकटी दिसतात.

जे कारागीर मोठ्या कंपन्यांच्या बाजारात माल लावतात त्यांचा प्रश्न वेगळा आणि अधिक अवघड. तिथे यादी आपल्या हातात नसते. वरची जागा जाहिरातीच्या पैशाने विकली जाते आणि गरीब कारागिराचा माल गल्लीच्या टोकाला जातो. यावर रामबाण उपाय माझ्यापाशी नाही. पहिले चित्र स्वच्छ असावे, नावातले पहिले तीन-चार शब्द मालाचेच असावेत, "अप्रतिम, सुंदर, दर्जेदार" यांना तिथे जागा देऊ नये, कारण मोबाइलवर नाव पुढे कापले जाते. यापलीकडे, माझ्या मते, कारागिराने तिथे मिळालेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दर्जेदार माल देऊन आपले नाव लक्षात राहील असे करावे आणि शक्य तितक्या लवकर आपले स्वतःचे तीस वस्तूंचे का होईना, छोटे पान उभे करावे. दुसऱ्याच्या यादीतल्या तीनशेव्या जागेपेक्षा स्वतःच्या तिसांतली पहिली जागा कधीही फायद्याची.

आता आपल्या भाषांबद्दल. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार, म्हणून ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. उर्दूची नस्तालिक लिपी तर शब्दागणिक वरून खाली उतरते, तिला त्याहून जास्त जागा लागते. तोच मजकूर मराठीत आणि उर्दूत लांब होतो, सरकवणे वाढते. इंग्रजीच्या मापाने बेतलेल्या साच्यात आपली लिपी कोंबली की एकतर ओळी एकमेकींवर चढतात किंवा अक्षर बारीक करावे लागते. साच्यात लिपी बसवण्यापेक्षा मजकूर कापावा. उर्दू पानाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती बहुतेक मांडणीवाल्यांना सुचतच नाही. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, तेव्हा आडवी सरकणारी चित्रांची पट्टीही उजवीकडून सुरू व्हायला हवी. पहिला माल उजव्या कडेला आणि पुढचा डावीकडून आत. अनेक वेबसाइटांवर अक्षरे उर्दू आणि पट्टी मात्र इंग्रजी चालीची असते, त्यामुळे उर्दू वाचणाऱ्या बुजुर्ग गिऱ्हाइकाच्या समोर यादीचा शेवट आधी येतो.

काम पुरे करून घेताना, पैसे चुकते करण्यापूर्वी, एक तपासणी प्रत्येकाने करावी. आपला नवा फोन वापरू नये. दुकानात असेल नसेल तो जुना, तडा गेलेला, स्वस्तातला फोन घ्यावा आणि घरातल्या खालाजान किंवा दुकानातले जुने मुनीमजी यांच्या हातात द्यावा. त्यांना सांगावे की अमुक वस्तू शोधा, ती उघडा, मागे या, तिच्या शेजारची उघडा, आणि मग आपल्या दुकानाचा फोन नंबर काढून दाखवा. मांडणी करणाऱ्या पोराला शेजारी बसवावे, पण तोंड उघडू देऊ नये. कुठे बोट अडखळते, कुठे त्या "आता काय करू?" म्हणून वर पाहतात, ते कागदावर टिपून घ्यावे, आणि तेवढे दुरुस्त होईपर्यंत शेवटचा हप्ता आपल्याकडेच ठेवावा.